दुसरी वेलांटी

हायफाँगमध्ये मार्चात भिंतींना घाम येतो.
फरशी ओली, आरसा आंधळा,
खडू फळ्यावर उमटत नाही, नुसता घसरतो.
दिवसभर गिरणीत सुताच्या छटा तपासायच्या,
निळा क्रमांक चौदा, निळा क्रमांक पंधरा,
फरक फक्त मला आणि जपानी गिऱ्हाइकाला दिसतो.
संध्याकाळी सातला मी मास्तर होतो
न्यानबाईंच्या दुकानाच्या माडीवर,
तांबूस शेवया आणि खेकड्याच्या रश्शाच्या वासात.

मोठ्या क्लासवाल्यांनी मला परत पाठवलं होतं.
तिथल्या बाई फार नम्र. म्हणाल्या,
इंग्रजी छान आहे तुमचं,
पण पालकांना चेहराही इंग्रजी लागतो.
न्यानबाईंना चेहऱ्याचं काही नव्हतं.
त्यांनी स्वतःच पाटी रंगवली:
इंग्रजी. स्वस्त.

विद्यार्थी तीन. पगाराच्या आठवड्यात पाच.
वुओंग बंदरावर क्रेन चालवतो.
त्याच्या तोंडात शब्दांची शेपटं गळून पडतात,
हाउसचं हाउ होतं, राइसचं राय,
मी शेपटं उचलून पुन्हा चिकटवतो.
त्यानंही माझी एक चूक धरून ठेवलीय:
वाइन आणि व्हाइन मी एकसारखंच म्हणतो.
आमच्याकडे दोघांत मिळून एकच व, मी सांगितलं.
त्यानं मान डोलावली,
गरीब घरातली अडचण ऐकल्यासारखी.

दोआन शिवणकाम करते. मे महिन्यात कॅनडाला जाणार,
मासे कापायच्या कारखान्यात.
वहीच्या शेवटच्या पानावर
तिनं थंडीचे शब्द साठवलेत, बावीस.

त्या दिवशी श्रुतलेखन होतं.
वी आर लीव्हिंग ऑन संडे.
तिच्या वहीत ते लिव्हिंग झालं.
दुसरी वेलांटी पुसून पहिली दिली
की निघालेली माणसं
पिशव्या खाली ठेवून तिथंच राहायला लागतात.
हे इंग्रजीतून कसं सांगायचं?
मी ओठ ताणून दाखवले, लांब, अजून लांब,
त्यांनीही ताणले,
आणि बराच वेळ आम्ही सगळे
विनाकारण हसत असल्यासारखे दिसत राहिलो.

मग पेन्सिल खाली ठेवून तिनं विचारलं,
यातला वी कुठला?
चुंग ता, की चुंग तोय?
ऐकणाऱ्याला धरून, की सोडून?

मी खडू घेऊन उभाच.
आपण. आम्ही.
दीड वर्षात इथली भाषा मी
भाजीच्या घासाघिशीपुरती शिकलो,
सहा सुरांतले चार माझ्या गळ्याला वर्ज्यच,
आणि आईनं न शिकवता शिकवलेलं हे
इथं, एका शिंपिणीच्या तोंडात, जसंच्या तसं.
आम्ही जेवलो आणि आपण जेवलो,
मध्ये एक अख्खं ताट असतं.

इंग्रजीत ते सांगत नाहीत, मी म्हणालो.
बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.
आणि फोनवर?
फोनवर… विचारायचं.
फसवी भाषा आहे, वुओंग म्हणाला.
म्हणून तर पैसे देऊन शिकावी लागते,
न्यानबाई जिन्यातून ओरडल्या.

साडेआठला वीज गेली.
खाली कुणाच्या तरी हातून झाकण पडलं, गोल गोल फिरत राहिलं.
अंधारात दोआन पुटपुटत होती,
लीव्हिंग, लिव्हिंग, लिव्हिंग.
कुठली चूक, कुठली बरोबर, मलाही लागेना.
मी वह्या चाचपडत गोळा करू लागलो
तेवढ्यात वुओंग म्हणाला,
चुंग ता,
आणि बंदरात एका बोटीनं भोंगा दिला,
पुढचं क्रियापद त्यात बुडालं.
थांबू असेल.
किंवा निघू.

मी पुन्हा बसलो. बाक ओला होता.